सफरचंदाचं कलम: एका कापापाशी अडकलेलं माझं वर्ष

"सपाट काप घ्या." कलमाविषयी जे जे वाचलं त्या प्रत्येक ठिकाणी हे तीन शब्दांचं वाक्य होतं, आणि लगेच पुढे मेण कोणतं, पट्टी कोणती, मेण किती गरम करायचं याचे लांबच लांब परिच्छेद. माझ्या नऊ कलमांपैकी आठ त्या तीन शब्दांपायी गेली. मेणापायी एकही गेलं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून मी इथे मेणाविषयी दोनच ओळी लिहिणार आहे आणि कापाविषयी जमेल तेवढं सगळं. तुम्ही माझ्यासारखे डावखुरे असाल तर जरूर शेवटपर्यंत वाचा.

मावशीच्या परसात सफरचंदाचं एक जुनं झाड आहे. जात कोणती, कोणालाच माहीत नाही. फळ लहानसर, साल थोडी खरखरीत, चव आंबटगोड. खोड आतून पोकळ होत चाललंय आणि दर वादळात एखादी फांदी कमी होते. बी लावून हे झाड परत मिळत नाही. सफरचंदाच्या बहुतेक जातींना स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या जातीचा लागतो. त्यामुळे एकाच फळातल्या पाच बिया म्हणजे पाच निराळी झाडं. जात टिकवायची तर काडीच लावावी लागते. इंग्लंडमधल्या साउथवेल गावात १८०९ साली मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने बिया पेरल्या, त्यातलं एक झाड वाढलं, आणि आजची ब्रॅम्ली जातीची सगळी झाडं त्या एकाच झाडाच्या काड्यांची आहेत. हे वाचलं त्या दिवशी ठरवलं की मावशीचं झाड पडायच्या आत त्याच्या काड्या मी दुसऱ्या खुंटांवर, म्हणजे मुळं असलेल्या दुसऱ्या रोपांवर, चढवणार.

खुंट मिळवण्यात काही अडचण आली नाही. एमएम १०६ घेतले. इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंगच्या संशोधन केंद्रावरून या खुंटांना 'एम' हे अक्षर मिळालं. मॉलिंग आणि मर्टन इथल्या संस्थांनी मिळून, लोकरी मावा या किडीला दाद न देणारे खुंट तयार केले, त्यांना 'एमएम' म्हणतात. यावरचं झाड मध्यम उंचीचं होतं. एम ९ वर झाड फार बुटकं राहतं आणि त्याला जन्मभर खांबाचा आधार द्यावा लागतो, म्हणून तो नको म्हटलं. एमएम १०६ च्या बुंध्याशी पाणी साचू देऊ नका, तिथे सड लागते.

पहिल्या हिवाळ्यात झाड झोपेत असताना काड्या कापल्या, ठेवल्या, आणि कळ्या फुगायच्या सुमाराला नऊ कलमं बांधली. जिव्हा कलम केलं होतं. खुंटाला आणि काडीला सारखाच तिरका काप, दोन्ही कापांत एकेक जीभ, आणि जिभा एकमेकींत सरकवायच्या. बांधल्यावर सगळी कलमं अगदी घट्ट बसली होती. पंधरा-वीस दिवसांत डोळे फुटले. नऊच्या नऊ! पानं बोटाच्या पेराएवढी झाली आणि मी मावशीला फोन करून सांगितलं, "मावशी, तुझं झाड आलं गं."

मग एकेक कलम माना टाकू लागलं. आधी पानांच्या कडा वळल्या, मग पानं वाळून देठासकट गळली. महिन्याभरात आठ गेली.

हे पहिलं फुटणं फसवं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. काडीत साठवलेलं अन्न आणि पाणी असतं आणि तेवढ्यावर ती डोळे फोडते, पानंही काढते. सांधा जुळला नसेल तर साठा संपला की मरते. तेव्हा पहिल्या पानांवरून कलम लागलं असं समजू नका आणि कोणाला फोनही करू नका. नवा शेंडा वीतभर लांबला, खालची पानं पूर्ण आकाराची झाली, की मग खुशाल सांगा.

कारण शोधण्यात माझे कित्येक आठवडे गेले. पाणी जास्त झालं असेल म्हणून कमी केलं. मेण फाटलं असेल म्हणून उरलेल्या एकाला पुन्हा मेण लावलं. बुरशी असेल असंही वाटलं. शेवटी मेलेल्या कलमांची पट्टी सोडून बघायचं ठरवलं, आणि हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. काडी हातात सुटून आली. खुंटाच्या कापावर वरच्या टोकाशी आणि खालच्या टोकाशी पांढरट दाणेदार गाठी आल्या होत्या, म्हणजे खुंट आपलं काम करत होता. मधल्या भागात मात्र तपकिरी, कोरडा खळगा. आठही कलमांत तेच. दोन्ही काप मध्ये खोलगट होते. मी दोन उथळ चमचे तोंडाला तोंड लावून बांधले होते.

सालीच्या अगदी खाली हिरवट, ओलसर असा एक पातळ थर असतो, त्याला कॅम्बियम म्हणतात. तिथल्याच पेशी वाढून दोन्ही बाजूंचा सांधा भरतात आणि पुढे त्यातूनच नव्या नळ्या जोडल्या जातात. दोघांचे थर एकमेकांना टेकलेच नाहीत तर पट्टी कितीही आवळा, मधली फट हवेने भरलेली राहते आणि सुकते. हे मला माहीत होतं. माझे काप टेकत नाहीत हे मात्र माहीत नव्हतं, कारण वरून बघितलं की ते सुंदर दिसत.

मग सराव सुरू केला. छाटणीतून निघालेल्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या घेऊन बसायची, काप घ्यायची आणि दोन काप एकमेकांवर ठेवून खिडकीच्या उजेडाकडे धरायची. प्रत्येक वेळी मधून उजेड यायचा. धार कमी असेल म्हणून सुरी पाजळली. तरी उजेड. काप लांब घेतला, आखूड घेतला, हळू घेतला, झटक्यात घेतला. तरी उजेडच. शंभरावर काड्या वाया घालवल्यावर माझ्या हातात काही दोष आहे असंच मला वाटू लागलं होतं.

शेजारचे काका घरी लाकडाचं काम करतात. त्यांनी कुंपणापलीकडून थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "ती सुरी दे बघू इकडे." धारेवर आडवा अंगठा फिरवून त्यांनी विचारलं, "पटाशी उलटी धरली तर काय होतं, ठाऊक आहे का तुला?" मला ठाऊक नव्हतं. कलमाच्या चांगल्या सुरीची धार पटाशीसारखी असते: एक बाजू पूर्ण सपाट, दुसरी उतरती. सपाट बाजू लाकडावर टेकवून ओढली की ती लाकडावरूनच सरळ सरकते. उतरती बाजू लाकडाकडे आली की पातं लाकडात घुसतं आणि बाहेर निघताना वळतं, म्हणजेच खोबण पडते. सुतार खोलगट कोरायचं असलं की मुद्दाम पटाशी उलटी धरतात.

सुरी उजव्या हाताची होती. मी डावखुरी. मी धरली की सपाट बाजू फेकायच्या तुकड्याकडे जायची आणि उतरती बाजू, जो काप जपायचा त्याच्याकडे.

एवढंच होतं. एक वर्ष, आठ कलमं, शंभर काड्या. काका म्हणाले, "अगं, डाव्या हाताची मिळते की," आणि खरंच मिळते. पण विकणाऱ्याने विचारलं नव्हतं, सुरीसोबतच्या कागदावर लिहिलं नव्हतं, आणि मी वाचलेल्या एकाही मार्गदर्शनात हा शब्द नव्हता. 'सपाट काप घ्या' असं लिहिणाऱ्याच्या हातात सुरी बरोबर बसलेली असते म्हणून त्याला ते एका वाक्याचं काम वाटतं. नवशिक्याच्या हातात काय आहे हे आधी विचारायला हवं. डाव्या हाताची सुरी यायला जे आठवडे लागले त्यात मी एक काडीही कापली नाही.

ती आली त्या दिवशीच्या तिसऱ्या कापातून उजेड आला नाही.

आता काप कसा घ्यायचा ते. काडी धरलेला हात छातीशी टेकवून ठेवा, हलू देऊ नका. सुरीचं पातं काडीवर मुठीकडच्या भागाने टेकवा आणि ओढताना टोकाकडे सरकू द्या. मनगट आणि बोटं ताठ. हालचाल फक्त खांद्यातून आणि कोपरातून, जणू अख्खा हात एकच दांडा आहे. मनगट फिरलं की काप वळला. एकाच ओढीत, ३ ते ४ सेंटिमीटर लांब, म्हणजे काडीच्या जाडीच्या चार-पाच पट. बिघडला तर खरवडून दुरुस्त करू नका. खालून नवा घ्या. खरवडलेला काप डोळ्यांना सरळ दिसतो, उजेडात दिसत नाही. सुरी नसलेल्या हाताच्या अंगठ्याला कापडी पट्टी गुंडाळा. मी एकदा गुंडाळली नव्हती आणि टाके पडले.

पाजळताना सपाट बाजू दगडावर पूर्ण आडवीच ठेवायची, तिला उतार येऊ द्यायचा नाही. सगळी झीज उतरत्या बाजूला. मी उजव्या हाताच्या सुरीला दोन्हीकडून धार लावली होती, त्यामुळे ती नंतर कोणाच्याच कामाची राहिली नाही.

जीभ टोकापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर, आणि ती लाकडाच्या रेषांच्या दिशेने फाडायची नाही, कापायची. फाडली की काडी चिरते. खुंट जाड आणि काडी बारीक असेल तर काडी मधोमध बसवू नका. एका कडेला सरकवा, म्हणजे निदान त्या बाजूचे तरी हिरवे थर जुळतील. कापलेल्या जागेला बोट लावू नका, आणि कापल्यापासून बांधेपर्यंत वेळ काढू नका.

दुसऱ्या हिवाळ्यात माझ्याकडे अकरा खुंट होते. हे सांगायचं राहिलं: काडी मेली म्हणजे खुंट मेला असं नाही. माझे आठही खुंट खालून फुटले होते, त्यांचा एकेक सरळ फुटवा ठेवून बाकीचे काढले होते. त्यात तीन नवे आणले. अकरापैकी नऊ लागली.

काड्यांबद्दल. मागच्या वर्षी वाढलेल्या, पेन्सिलीएवढ्या, झाड पूर्ण झोपेत असताना कापलेल्या. जरा ओलसर कागदात, प्लास्टिकच्या पिशवीत, फ्रिजमध्ये. पण त्याच फ्रिजमध्ये सफरचंदं ठेवू नका. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू निघतो आणि त्याने काडीचे डोळे मरतात. कागद ठिबकता ओला नको, बुरशी येते. कापल्याबरोबर नावाची चिठ्ठी बांधा. काडीची वरची बाजू कोणती हेही कापतानाच खूण करून ठेवा. डोळ्याचं टोक वर असतं, पण घाईत उलटं लागतं.

मेणाच्या दोन ओळी: सांधा ताणल्या जाणाऱ्या पट्टीने हवाबंद गुंडाळा आणि काडीच्या वरच्या कापलेल्या टोकाला मेण लावा. चटका बसेल इतकं गरम नको.

बांधल्यानंतर थंडी फार असेल तर धीर धरा. ४ अंश सेल्सियसच्या आसपास सांधा अगदी सावकाश भरतो, ऊब वाढेल तसा वेग वाढतो, आणि ३२ अंशांच्या वर गेलं की उलट पेशींना इजा होते. म्हणून कुंडीतली कलमं लवकर लागावीत म्हणून उन्हाच्या काचेमागे ठेवू नका. मी पहिल्या वर्षी रोज बोटाने काडी हलवून बघत होते. तसं मुळीच करू नका. ज्या दोन-चार पेशी जुळत असतात त्या त्यानेच तुटतात. दुसऱ्या वर्षी मी कुंड्या घराच्या मागच्या बाजूला ठेवल्या आणि त्या बाजूला जायचंच टाळलं.

सांध्याखालून येणारे फुटवे दिसताक्षणी काढा, नाहीतर खुंट सगळं बळ त्यांनाच देतो. नव्या शेंड्याला काठी बांधा. वाऱ्याने सांध्यातून मोडलेलं कलम बघणं फार वाईट, मी एक बघितलं आहे. नऊपैकी तेच एक मी गमावलं. पहिल्या वर्षी फूल आलंच तर खुडून टाका. मन होत नाही, तरी खुडा.

उन्हाळ्याच्या मध्याला पट्ट्या काढल्या. पट्टी तशीच ठेवली तर वाढत्या खोडात रुतते, म्हणून सांध्याच्या मागच्या बाजूने एक उभी चीर दिली. आत पिंगट, किंचित फुगीर कड होती, काप कुठून सुरू झाला ते नखाने शोधावं लागत होतं. आठही कलमांना तशीच.

न लागलेल्या दोन खुंटांवर उन्हाळ्याच्या शेवटी मावशीच्या झाडाचा एकेक डोळा भरला, म्हणजे अख्ख्या काडीऐवजी एकच कळी बसवली. त्यालाही सपाट कापच लागतो. एकाच्या पानाचं देठ आठवड्या-दोन आठवड्यांत हात लावताच गळून पडलं, ही चांगली खूण. दुसऱ्याचं सुकून चिकटून राहिलं. पहिल्याचा डोळा हिवाळाभर हिरवा राहिला. त्या खुंटाचा वरचा भाग मी कालच कापला आणि कापाला मेण लावलं.