हावडा म्हणजे कोलकाता नव्हे

पश्चिम बंगालमध्ये कोलाघाटच्या पुढं एका टपरीवर चहा पिताना सहज विचारलं, हा रस्ता सरळ हावड्याला जातो ना? टपरीवाला म्हणाला, "हां, बॉम्बे रोड धोरे सोजा." मला वाटलं, मी चुकलो. पुन्हा विचारलं. पुन्हा बॉम्बे रोड.

आमच्या भुसावळला याच रस्त्याला हायवे नंबर सहा म्हणतात. २०१० मध्ये नंबर बदलले, आमच्याकडचा ५३ झाला, खरगपूरच्या पुढचा १६, पण म्हणणारे सहाच म्हणतात. आणि तो मुंबईला जातच नाही. धुळ्याहून सुरतेकडं वळतो आणि हजिऱ्याला संपतो. हे सगळं मी त्या बिचाऱ्याला हिंदीत समजावून सांगितलं. अठरा दिवस एकट्यानं सायकल मारली की असं होतं, कुणी ऐकणारा सापडला की माणूस त्याला भूगोल शिकवायला लागतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या चहाचे पैसे घेतले नाहीत. दया आली असणार.

भुसावळहून कोलकात्याला सायकलनं कशाला, हे वाटेत प्रत्येकानं विचारलं. प्रत्येकाला मी वेगळं उत्तर दिलं. खरं उत्तर बाबा. ते रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. हावड्याकडं जाणाऱ्या गाड्यांवर त्यांनी आयुष्यभर ड्यूटी केली, पण गार्डाची हद्द ठरलेली. भुसावळ ते बडनेरा, फार तर नागपूर. तिथल्या रनिंग रूममध्ये झोपायचं आणि दुसरी गाडी घेऊन परत. गाडी पुढं हावड्याला, बाबा मागं भुसावळला. फुकटचे पास होते की, पण ते तिरुपतीला आणि आत्याकडं जाण्यात संपले. घरात हावडा हा शब्द रोजचा, तरी हावडा पाहिलेलं कुणी नाही.

मधल्या दिवसांचं फार सांगत नाही. अकोला, अमरावती, नागपूर ओळखीचे. देवरीच्या पुढं जंगल, मग छत्तीसगडचा सपाट, कंटाळवाणा रस्ता. ओडिशात देवगड नावाचं गाव लागलं, हापूस नसलेलं. केओंझरला लोहखनिजाचे ट्रक इतके की संध्याकाळी आंघोळीचं पाणी लाल. बांगरीपोशीचा घाट मला उताराचा मिळाला, हे नशीब. तिथं द्वारसुनी देवीपुढं सगळे ट्रकवाले थांबतात, मीही थांबलो. आणि एक कबुली. देवगडच्या पुढं पोट बिघडलं म्हणून चाळीसेक किलोमीटर मी टेंपोत बसून गेलो. त्यामुळं "पंधराशे किलोमीटर सायकलवर!" असं कुणी म्हणालं की मी इकडं तिकडं बघतो.

शेवटचा दिवस मात्र लांबला. मोठा हायवे शहराच्या कडेनं निघून जातो, म्हणून आलमपूरपाशी मी आंदूल रोडला लागलो. रुंदी आमच्या भुसावळच्या बाजारातल्या गल्लीएवढी, आणि त्यात बस, टोटो, हातगाड्या, शाळेच्या पोरांच्या सायकली. टोटो म्हणजे बॅटरीवरची रिक्षा. तिला आवाज नाही आणि थांबायची पद्धतही नाही. पंधराशे किलोमीटरमध्ये ट्रकनं धक्का दिला नाही, तो आंदूल रोडवर टोटोनं दिला. मागची पिशवी तुटली. साडी वर खोचून एक बाई पुढं आल्या, टोटोवाल्याला त्यांनी माझ्या वतीनं पाच मिनिटं झापलं. मला एक शब्द कळला नाही, पण समाधान पूर्ण झालं.

दुपारी हावडा स्टेशन. लाल विटांची इमारत, समोर नदी, बाजूला तो पूल. मी खुशाल उतरलो आणि तिथंच अडकलो.

बाबांनी एकच काम सांगितलं होतं. स्टेशनात १९२६ सालचं दोन तोंडांचं मोठं घड्याळ आहे, ते बघून ये. चुकामूक नको म्हणून लोक त्याच्याखाली भेटायचं ठरवतात. तिकडं त्याला 'बोडो घोडी' म्हणतात, म्हणजे मोठं घड्याळ. मराठी माणसानं हसू आवरावं. पण घड्याळ आत, आणि मी सायकलसह बाहेर. सायकलीला कुलूप होतं, पिशव्यांना नव्हतं. एकट्यानं प्रवास करण्याबद्दल लोक स्वातंत्र्य वगैरे लिहितात. खरा प्रश्न असा असतो की लघवीला जाताना सायकल कुणाकडं द्यायची. अठरा दिवस मी तो प्रश्न पेट्रोलपंपांवर सोडवला. इथं इतकी माणसं, आणि विचारावं असं एकही तोंड दिसेना. अर्धा तास मी नुसता उभा राहिलो. मधे आईचा फोन आला, "पोहचला का रे?" मी म्हटलं, "हो. म्हणजे बाहेर आहे."

शेवटी लाल सदऱ्यातला एक म्हातारा हमाल स्वतःच आला. सामान कुठल्या गाडीचं, म्हणाला. गाडी नाही, सायकलनं आलो. कुठून? भुसावळ. त्याचा चेहरा खुलला. "भुसावल जंक्सन! केला!" तरुणपणी तो कामासाठी मुंबईला जायचा, जनरलच्या डब्यातून, आणि भुसावळला खिडकीतून केळी घ्यायचा. भाव अजून लक्षात होता, तो त्यानं मला सांगितला. आजचा विचारला. मी सांगितल्यावर त्याला माझाच राग आल्यासारखं वाटलं. मग सायकलचं हँडल धरून म्हणाला, "जाइए, देख के आइए."

मी अनोळखी माणसाकडं सगळं सोडून आत गेलो. दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढलं. घड्याळ मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान. खाली खरोखरच माणसं वाट बघत उभी. बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन वर धरला. मला वाटलं, आता ते काहीतरी बोलतील. ते बराच वेळ बघत राहिले. मग मनगट वर केलं, स्वतःचं घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर आहे." पुन्हा एकदा ताडून पाहिलं. "दुसऱ्या बाजूचं दाखव." मी फिरून दुसरी बाजू दाखवली. "तेही बरोबर आहे." मग म्हणाले, "प्लॅटफॉर्म किती?" तेवीस, म्हटलं. "हं," म्हणाले आणि फोन आईकडं दिला.

बाहेर हमालानं पैसे घेतले नाहीत. मी फार आग्रह केला नाही, त्याची आता लाज वाटते.

मग पूल. हावडा म्हणजे कोलकाता नव्हे, ते नदीपलीकडं, हे मला आदल्या रात्री नकाशावर कळलं होतं. ७०५ मीटरचा पूल, १९४३ पासूनचा, नट-बोल्ट नाहीत, सगळे रिव्हेट. मी वर बघत, फुटपाथवरून, डोक्यावर पाट्या घेतलेल्या हमालांना वाट देत सायकल ढकलत गेलो. पलीकडं उतरून सायकलवर टांग टाकतो तोच पांढऱ्या गणवेशातल्या सार्जंटनं हात केला. "सायकेल चोलबे ना. हेंटे जान." कोलकात्यात २०१३ साली १७४ रस्त्यांवर सायकलबंदी झाली होती, पुढं ती ६२ रस्त्यांवर आली. मी नेमका बंदीच्या रस्त्यावर टांग टाकली असणार. भुसावळहून आलोय, हे मी त्याला सांगून पाहिलं. त्याला केळी माहीत नव्हती.

उतरलो. पुलाखाली मल्लिक घाटाचा फुलबाजार आहे, तिथं चिखलातून सायकल ढकलत झेंडूचा एक हार घेतला आणि हँडलला बांधायला लागलो. हारवाल्यानं विचारलं, नवी घेतली का? मग त्याचं लक्ष चाकांवरच्या केओंझरच्या लाल मातीकडं गेलं, आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.