मोरीच्या वरच्या अंगाला

हायवेवर त्या जागेची खूण म्हणजे फक्त एक मोरी. दोन्ही बाजूंना बुटके कठडे, त्यांवर काळे-पिवळे पट्टे. ताशी ८० च्या वेगात ती आली कधी आणि गेली कधी, कळतही नाही. खालून ओढा वाहतो हे मला कितीतरी वर्षं ठाऊक नव्हतं. एकदा नेमकं तिथेच टायर बसलं. चाक बदललं, हात धुवायला खाली उतरलो, आणि पाणी इतकं गार लागलं की वाटलं, येतंय तरी कुठून ते बघून यावं.

ओढ्याच्या कडेकडेने वर निघालो. वाट म्हणावी अशी वाट नव्हती. खालच्या फांद्या तोंडावर येत होत्या आणि दगडांवर शेवाळ. पाठीमागे गाड्यांची घरघर. झाडी दाट झाली तशी ती विरत गेली, आणि एका वळणानंतर चक्क पुन्हा वाढू लागली. आता रस्ता वळसा घालून इकडेच आला की काय? वैतागलोच. चार पावलं पुढे गेलो तर समोर धबधबा.

तीन पुरुष उंच असेल, फार तर पाच मीटर. तेवढ्या उंचीवरून पडायला पाण्याला जेमतेम एक सेकंद लागतो आणि तळाशी पोचताना त्याचा वेग असतो ताशी ३५ किलोमीटर. हायवेवर या वेगाने कुणी गेलं असतं तर मागच्यांनी हॉर्न वाजवून जीव नकोसा केला असता.

घरी आल्यावर वाचत बसलो तेव्हा कळलं, माझ्या कानांचं फार चुकलं नव्हतं. धबधब्यात खरे वाजतात ते डोहात कोंडलेले हवेचे बुडबुडे. मिनार्ट या शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये त्याचं गणित मांडलं. मोठा बुडबुडा खर्जात बोलतो, बारीक टिपेला. तीन मिलिमीटर त्रिज्येचा असेल तर सेकंदाला हजाराच्या आसपास वेळा थरथरतो, म्हणजे हजारएक हर्ट्झ. आणि पळत्या टायरांचा आवाजही हजार हर्ट्झच्या आसपासच सगळ्यात जास्त असतो! मग एकाने डोकं उठतं आणि दुसऱ्यापाशी डोळे मिटावेसे वाटतात, ते का? मला वाटतं, गाडी येते आणि जाते, म्हणून कान पुढच्या गाडीची वाट बघत राहतो. पाण्यात वाट बघायला फटच नाही.

डोळ्यांचीही तीच गत. पडत्या पाण्याकडे मिनिटभर टक लावून बघितलं आणि नजर शेजारच्या कातळावर नेली, तर तो कातळ हळूहळू वर चढू लागला. स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्यापाशी रॉबर्ट ॲडम्स यांनी हीच गंमत १८३४ मध्ये नोंदवून ठेवली आहे. खूप वेळ गाडी चालवून थांबलो की समोरचं सगळं दूर दूर सरकल्यासारखं वाटतं ना, त्याच जातीचा भास. मी तीनदा कातळ चढवला. चौथ्यांदा पाणी जरा गढूळ वाटलं, तसा मुकाट्याने उठलो; वर कुठे पाऊस झाला असेल तर ओढा वाढायला वेळ लागत नाही.

परतताना त्या वळणावर थांबलो. तिथे एक जागा अशी आहे की घरघर पुढून येते की मागून, सांगता येत नाही. एक पाऊल इकडे, एक तिकडे करत बराच वेळ उभा होतो. कुणी बघितलं असतं तर काय म्हणालं असतं कोण जाणे.

आता मोरी जवळ आली की काच खाली करतो. ऐकू काहीच येत नाही. माझीच टायरं वाजत असतात.