तुम्ही विचारलंत म्हणून: संगीत नेमकं कुठे सुरू करायचं?

गाण्यांविषयी बोलून झालं की हा प्रश्न हमखास येतो. "गाण्याचं समजतं हो, पण सिनेमात मधे मधे जे वाजत असतं, ते कुठे सुरू करायचं आणि कुठे थांबवायचं हे कसं ठरवता? आधी चाल सुचते का?"

नाही, चाल बरीच उशिरा येते. पार्श्वसंगीताचं पहिलं काम पेटीवर नाही, घड्याळावर होतं. आणि कुठे सुरू करायचं, याचं उत्तर द्यायला मात्र जरा फुरसतीने बसावं लागेल.

संकलन पक्कं झालं की दिग्दर्शक, संकलक आणि ध्वनीचं काम पाहणारा यांच्याबरोबर बसून सिनेमा पाहायचा. आधी एकदा सलग, हातात काहीही न घेता. मग थांबत थांबत. एका कागदावर रकाने आखायचे: तुकड्याचा क्रमांक, कुठे सुरू, कुठे बंद, किती सेकंद आणि का. क्रमांकाची पद्धत जुन्या रिळांपासून चालत आलेली आहे. ३एम२ म्हणजे तिसऱ्या रिळातला संगीताचा (एम म्हणजे म्युझिक) दुसरा तुकडा. रीळ गेलं, क्रमांक राहिला. या कागदावरचा सगळ्यात महत्त्वाचा रकाना शेवटचा, म्हणजे 'का' हा. तिथे 'दुःखाचा प्रसंग' असं लिहिलं असेल तर तो तुकडा बहुधा नको असतो. दुःख नटाच्या चेहऱ्यावर दिसतंच आहे, तेच व्हायोलिनने पुन्हा सांगितलं तर प्रेक्षकाला पाटी दाखवल्यासारखं होतं. 'आईला कळलंय, मुलाला अजून नाही' हे झालं कारण. पडद्यावर दिसत नाही, पण प्रेक्षकाला जाणवायला हवं, असं काहीतरी त्या रकान्यात असलं पाहिजे. या चाळणीतून १०० मिनिटांच्या कौटुंबिक सिनेमात साधारण ३५ ते ४५ मिनिटं संगीत उरतं. त्याहून कमी उरलं तरी बिघडत नाही. निर्मात्याला मात्र वाटतं, पैसे मोजलेत तर वाजलं पाहिजे.

एक प्रसंग घेऊ. तो कल्पित आहे, पण गोव्यात काम करणाऱ्यासमोर असले प्रसंग सारखे येतात. मुलगा बऱ्याच वर्षांनी रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला येतोय. १४व्या सेकंदाला बोटीचा लोखंडी फाळका धक्क्यावर आपटतो. मुलगा उतरून चालू लागतो. ४६.५व्या सेकंदाला घराच्या दाराला कुलूप दिसतं. ६५व्या सेकंदाला शेजारीण बोलायला लागते. एकंदर १०८ सेकंद.

पहिल्या फ्रेमपासून संगीत लावलं तर मांडवीचं पाणी, खारफुटी आणि त्यावर बासरी, म्हणजे पर्यटन खात्याची जाहिरात तयार. कुलपावर सुरू केलं तर मालिकेतला धक्का. मी फाळक्याचा आवाज धरीन. तो दणका कानात असताना त्याच्या शेपटीत चेलोचा एक खालचा स्वर सरकवला तर संगीत सुरू झालं हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. संगीताला आत यायला असा आडोसा लागतो: दार, गाडीचा हॉर्न, कावळा, नाहीतर सरळ दृश्याचा कट. शांततेत उघड्यावर सुरू केलेला पहिला स्वर प्रेक्षकाचा खांदा हलवतो. कधी कधी तेच हवं असतं, पण क्वचित.

आता हिशेब. १४ ते ४६.५ म्हणजे ३२.५ सेकंद, सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर ७८० फ्रेम. मिनिटाला ७२ ठोक्यांची लय घेतली तर एक ठोका बरोबर २० फ्रेमचा. ७८० भागिले २०, म्हणजे ३९ ठोके. चार ठोक्यांचे नऊ बार (बार म्हणजे ठोक्यांचा एक गट) आणि तीन ठोक्यांचा एक, असे दहा बार लिहिले की कुलूप अकराव्या बारच्या पहिल्या ठोक्यावर येतं. तीन ठोक्यांचा तो बार शेवटी ठेवू नये, पाचवा-सहावा ठेवावा. मधे एक पाऊल चुकल्यासारखं वाटतं आणि या मुलाच्या चालण्याला ते शोभतं. लय ७३.८५ करून ४० ठोके बसवता येतात, पण ७२वर फ्रेमा पूर्ण आकड्यांत पडतात आणि पुढे दुरुस्ती करताना डोकं शांत राहतं.

लय ठरवण्याआधी पडद्यावरच्या पावलांची गती मोजायची. पावलं मिनिटाला ७२ पडत असतील तर संगीताला ७२ घेऊ नये, १४४ही नको. पाऊल आणि ठोका एकत्र पडू लागले की माणूस कळसूत्री बाहुली दिसतो. विनोदी सिनेमात तेच मुद्दाम करतात.

दुसरं म्हणजे, कुलूप दिसतं त्या फ्रेमवर स्वर बदलायचा नाही. चार ते सहा फ्रेम उशिरा बदलायचा. डोळ्याला दिसलं, माणसाला कळलं, मग स्वर हलला, हा क्रम नैसर्गिक. दोन फ्रेम जरी आधी पडला तरी संगीताने गुपित फोडलं असं होतं. मोठ्या थिएटरात तर पडद्यापासून २४ मीटरवर बसलेल्याला आवाज ७० मिलिसेकंदांनी, म्हणजे पावणेदोन फ्रेम उशिरा पोहोचतो. स्टुडिओतल्या खुर्चीत बसून फ्रेम न् फ्रेम घासणाऱ्याने हे लक्षात ठेवलेलं बरं.

कुलपानंतर शेजारणीच्या बोलण्यापर्यंत १८.५ सेकंद आहेत. पाच बार, म्हणजे २० ठोके, म्हणजे १६.७ सेकंद. तिथे सुरांचं वाक्य संपवायचं. उरलेले पावणेदोन-दोन सेकंद हवेला. मग तिचा आवाज येतो तेव्हा तो ऐकावासा वाटतो. बोलणं चालू असताना खाली काही ठेवायचंच असेल तर एकच लांब खालचा स्वर. प्रसंगाचे उरलेले ४३ सेकंद संगीत नसलं तरी चालतं, आणि बऱ्याचदा चांगलंच चालतं.

संपवणं सुरू करण्यापेक्षा अवघड. आवाज हळूहळू कमी करत नेणं म्हणजे संपवता आलं नाही याची कबुलीच. शेवट लिहावा लागतो. शेवटचा स्वर कटच्या थोडा आधी सोडायचा आणि त्याची दोन-तीन सेकंदांची घुमारी पुढच्या दृश्यात शिरू द्यायची, किंवा कटवर तोडायचं. तोडल्यावर जी शांतता पडते ती संगीताइतकीच मोठ्याने ऐकू येते, म्हणून सिनेमात एक-दोनदाच.

संवादाखाली संगीत बुडतं किंवा संवादाला बुडवतं, त्याचं कारण बहुधा आवाजाची पातळी नसते, जागा असते. आपल्याला शब्द कळतात ते व्यंजनांमुळे, आणि त्यांचा तिखटपणा दोन ते चार किलोहर्ट्झच्या आसपास असतो. तिथे व्हायोलिनचा वरचा पट्टा, हार्मोनियम किंवा सॅक्सोफोन घातला की दिग्दर्शक म्हणतो "जरा कमी करा". कमी केलं की संगीत पातळ होतं, शब्द तरीही अस्पष्टच. वाद्य बदला, नाहीतर पट्टी खाली न्या. हालचाल दोन वाक्यांच्या मधल्या फटीत ठेवा. आणि बोलणाऱ्या माणसाखाली आलाप कधीही नको. कानाला माणसाचा आवाज सोडवत नाही, तो दोन्हीकडे ओढला जातो.

पाऊस ही आपल्याकडची खास अडचण. गोव्यातल्या गोष्टीत पाऊस येणारच, आणि कौलांवरचा किंवा पत्र्यावरचा मुसळधार पाऊस वरचा सगळा पट्टा व्यापून बसतो. तंबोऱ्याची जवारी, झांज, व्हायोलिनची वरची थरथर, सगळं त्यात विरघळतं. स्टुडिओत पावसाविना ऐकलेलं संगीत मिक्सिंगला, म्हणजे संवाद आणि बाकीच्या आवाजांबरोबर एकत्र करायला, गेल्यावर अर्धं नाहीसं होतं. म्हणून पावसाचा कच्चा ट्रॅक आधी मागून घ्यायचा आणि तो लावूनच लिहायचं. चेलो, क्लॅरिनेटचा खालचा भाग, पखवाजाचा डावा, असली मधली-खालची वाद्यं पावसातून दिसतात. नाहीतर सर ओसरेपर्यंत वाट पाहायची.

मग चाल. सिनेमाभर पुरणारा मूळ तुकडा चार-पाच स्वरांचाच हवा. अर्ध्या लयीत टिकतो का, शेवटचा स्वर काढला तर ओळखू येतो का, बासरीवरून चेलोवर नेला तर मरतो का, या तीन परीक्षा घ्यायच्या. आपला प्रेक्षक नाट्यसंगीतावर वाढलेला आहे, त्यामुळे रागाचं वजन सांभाळावं लागतं. मध्यंतराच्या आसपास भैरवीचे कोमल स्वर सहज लागून गेले की हॉलमधली अर्धी माणसं मनातल्या मनात चपला शोधायला लागतात. भैरवी म्हणजे मैफल संपली, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे.

गोवा दाखवायचा म्हणजे गिटार आणि ट्रम्पेट, ही बाहेरून आलेली सवय आता इथल्या लोकांनाही लागली आहे. पेडणे, सत्तरी, डिचोली या गोव्यातल्या तालुक्यांतल्या घरात ट्रम्पेट कुठून येणार? तिथे घुमट आणि शामेळ ही तालवाद्यं, कांसाळं म्हणजे झांजा, देवळातला चौघडा. आणि दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतल्या घरासाठी मांडो, म्हणजे गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतलं कोकणी गाणं, घ्यायचाच असेल तर त्याचे सहा ठोके दादऱ्यात बसवू नयेत. मात्रा जुळतात, पण तबल्याचा ठेका लागला की मांडोचं भावगीत होतं. मांडोची ओढ त्याच्या रेंगाळण्यात आणि दोन आवाजांच्या जोडीने चालण्यात आहे.

घुमट ध्वनिमुद्रित करणं हे स्वतंत्रच प्रकरण. मातीचं भांडं, मोठ्या तोंडावर कातडं, लहान तोंड उघडं. उजवा हात कातड्यावर, डावा उघड्या तोंडावर झाकउघड करून स्वर वाकवतो. एकच माइक कातड्यासमोर ठेवला तर नुसती थाप येते, घूम येत नाही. दुसरा माइक उघड्या तोंडापाशी, वीसेक सेंटिमीटर लांब आणि तिरपा, नाहीतर हवेचा फटका बसतो. दोन्ही एकत्र ऐकताना खालचा आवाज अचानक पोकळ झाला तर एका माइकचा फेज, म्हणजे ध्वनिलहरीची वर-खाली दिशा, उलटवून पाहायचा. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते बंद झालं, आता बकरीचं वापरतात. ओल्या हवेत कातडं सैल पडून स्वर उतरतो, एसीत सुकून चढतो. म्हणून वाद्य तासभर त्याच खोलीत ठेवून मग सुरुवात करायची आणि दर दोन टेकनंतर चेलोच्या स्वराशी ताडून पाहायचं. सकाळचा टेक आणि दुपारचा टेक जोडायला गेलं की फरक उघडा पडतो.

वादकांच्या बाबतीत गोवा नशीबवान. चर्चला जोडलेल्या पारोकियल शाळांत मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवलं जायचं. त्या परंपरेतून सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस अशी माणसं मुंबईच्या स्टुडिओंत गेली. संगीतकार गाऊन दाखवायचा आणि अरेंजर वीस-तीस वादकांचे कागद लिहायचा. प्यारेलाल आणि राहुल देव बर्मन हे गोन्साल्विसांकडे व्हायोलिन शिकले. आजही इथल्या व्हायोलिनवाल्याला नीट लिहिलेला कागद दिला की दुसऱ्या टेकला काम होतं. घुमटवाल्याला तोच कागद निरुपयोगी, त्याला बोल म्हणून दाखवायचे आणि कुठे थांबायचं ते हाताने सांगायचं. दोघांना एकाच क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधे वाजणाऱ्या लयीच्या ठोक्यांवर, बसवू नये. आधी घुमट मोकळं वाजवून घ्यावं, त्याच्यावरून क्लिक बांधावा, मग व्हायोलिन. उलट केलं तर घुमट बरोबर वाजतं पण मुकं होतं.

काम बिघडतं कुठे, हेही सांगतो. संकलकाने कच्च्या कटावर कुठलंतरी दुसरं संगीत चिकटवलेलं असतं आणि दिग्दर्शक महिनाभर ते ऐकून त्याच्या प्रेमात पडलेला असतो. भांडू नका. त्यातलं नेमकं काय आवडतं ते विचारा: लय, वाद्य की सुरू होण्याची जागा? बहुतेक वेळा जागाच असते, आणि ती तेवढी घेतली की बाकीचं सुटतं.

दुसरी गडबड फ्रेमांची. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा आणि स्टुडिओतलं संगीताचं सेशन २५चं असलं तर ९० मिनिटांचा सिनेमा ८६ मिनिटं २४ सेकंदांत संपतो, हे निदान लगेच कळतं. २३.९७६ आणि २४ची गल्लत जास्त वाईट. तासाला ३.६ सेकंदांचा फरक, पहिल्या दोन मिनिटांत कुणालाच कळत नाही. म्हणून चित्र हातात आलं की फ्रेमरेट लेखी मागायचा, चित्रावर टाइमकोड, म्हणजे फ्रेमपर्यंतची वेळ दाखवणारे आकडे, छापून घ्यायचा आणि पहिल्या फ्रेमच्या बरोबर दोन सेकंद आधी, चित्र आणि आवाज जुळवण्यासाठी, एका फ्रेमची 'पीप' आहे ना ते पाहायचं. आणि 'पक्कं' झालेलं संकलन पुन्हा हलतं. कुलपाच्या आधीच्या १४ फ्रेमा कापल्या की आपले ३९ ठोके गेले. अशा वेळी अख्खी लय बदलू नका. त्या तीन ठोक्यांच्या बारमधेच कात्री लावता येते का ते आधी बघा.

मिक्सिंगला देताना ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि तंतुवाद्यं, तालवाद्यं, पॅड (मागे धरलेले लांब स्वर), मुख्य वाद्य, गाणारे आवाज असे वेगवेगळे ट्रॅक द्यायचे, प्रत्येकावर तीच पीप. मुख्य वाद्याची घुमारी वेगळी ठेवायची. ५.१, म्हणजे प्रेक्षकाभोवती पाच स्पीकर आणि खालच्या आवाजांचा एक, असेल तर मधला स्पीकर संवादांना मोकळा सोडायचा. आणि सोबत तो पहिला कागद न्यायचा. 'का'च्या रकान्यात ज्या तुकड्यांपुढे कारण लिहिताना पेन अडखळलं होतं, त्यांच्यावर पेन्सिलीने खूण करून ठेवायची. वेळ कमी पडला किंवा पाऊस फार झाला तर आधी तेच काढायला सांगायचे.