त्याला पाणी देऊ नका

इंदूरच्या आसपास पावसाळ्यात लोकांना डोंगर-जंगलात हिंडवून आणणं हा माझा धंदा आहे. लोकमान्य नगरातले शेजारी त्याला अजून धंदा मानत नाहीत, ‘तो सहली काढतो’ एवढंच सांगतात. असो. तिंछा, मोहाडी, जानापाव, जाम गेट या नेहमीच्या जागा. माझी आवडती वाट मात्र पातालपानीच्या घाटमाथ्यावरून जंगलातून खाली कालाकुंडला उतरणारी. कालाकुंडच्या स्टेशनवर कलाकंद मिळतो, त्यामुळे माणसं फारशी कुरकुर न करता उतरतात.

त्या रविवारी रामबागेतल्या एका गणपती मंडळाची मंडळी होती. राखी झाली होती, गणपती यायचे होते, मधल्या मोकळ्या दिवसांत कार्यकर्त्यांना कुठंतरी न्यायचं म्हणून निघालेली. दोन काकू, पाचसहा कॉलेजची पोरं, एक हौशी मामा आणि त्यांचा भाचा. सकाळी पोहे-जलेबी हाणून आम्ही चालायला लागलो. तीन तासांची वाट फोटो, ओढ्यातला दंगा आणि ‘जरा बसू या’ मिळून सहज पाच तासांवर जाते. ऊन नव्हतं. ढग खाली आलेले, वारा पडलेला, अंगातून नुसता घाम. मध्ये एका वस्तीतल्या हँडपंपावर सगळ्यांनी बाटल्या भरल्या.

आता थोडं त्या दिवशी वाटेत भेटलेल्या एका बाईंबद्दल. पुण्याच्या आहेत. नाव लिहू नकोस असं त्यांनी बजावलंय, म्हणून ताईच म्हणतो. पन्नाशीच्या पुढे गेल्यात आणि लांब पल्ल्याचं, म्हणजे मॅरेथॉनच्याही कितीतरी पुढचं पळतात. खारदुंगला चॅलेंज म्हणून लडाखात 72 किलोमीटरची शर्यत असते. खारदुंग गावातून निघायचं, 5,300 मीटरच्या वरची खिंड ओलांडायची आणि पलीकडे लेहला उतरायचं. ती पुरी करून लेहमध्ये शिरतानाचा त्यांचा एक फोटो माझ्या मोबाईलमध्ये कित्येक वर्षं आहे. त्या कॉम्रेड्सही धावल्यात. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या दोन शहरांमध्ये 1921 पासून होणारी ही शर्यत. साधारण 88 किलोमीटर अंतर, एका वर्षी चढाच्या दिशेनं तर पुढच्या वर्षी उताराच्या. मुदत 12 तास. 12 तास भरले की एक अधिकारी येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदुकीचा बार काढतो. पाठ अशासाठी की दोन पावलांवर कोण येतंय हे त्याला दिसू नये. बार झाल्यावर रेषा ओलांडणाऱ्याची नोंद होत नाही. ताईंनी चढाचीही केली, उताराचीही. चढाची त्या बाराच्या जेमतेम आधी. पहिल्या येणाऱ्यांचं मला कौतुक आहे, पण जीव लागतो तो या शेवटच्या पाच मिनिटांत येणाऱ्यांवर.

तर त्या बाई आमच्या वाटेवर, खालून वर येताना दिसल्या. आणि चालत होत्या. दोन्ही हात गुडघ्यांवर, कमरेत वाकून, लहान लहान पावलं टाकत. सोबत कालाकुंडचा एक पोरगा. एरवी मी धावत जाऊन पाया पडलो असतो. पण नेमका त्याच वेळी तो भाचा माझ्यासमोर दगडावर बसून ओकत होता.

वीस-बावीस वर्षांचा धडधाकट मुलगा. अर्ध्या तासापासून डोकं दुखतंय म्हणत होता. मग मागे पडायला लागला, मग बसला. उलटीत अन्नाचा कण नाही, नुसतं पाणी. मामा बाटलीचं झाकण उघडून उभे. “डिहायड्रेशन झालंय, आणखी पाणी पाजा ना त्याला!” काकूंचंही तेच. माझ्या हातात ओआरएसची पुडी होती, पण ती फोडायला हात होईना. कारण चित्र जुळत नव्हतं. ओठ ओले, जीभ ओली, अंग तापलेलं नाही, नाडी ठीक. उन्हानं सुकलेली माणसं मी पाहिली आहेत, ती अशी दिसत नाहीत. शिवाय त्यानं मला दोनदा विचारलं, “आपण जानापावला कधी पोचणार?” त्या दिवशी जानापावचा काही संबंधच नव्हता.

ताई थांबल्या. मी म्हणालो, “नमस्कार ताई, मी तुमचा…”

“याला काय झालंय?”

सांगितलं. त्या त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि प्रश्न सुरू केले. किती वाजता निघालात? खाल्लं काय? लघवीला शेवटचा कधी गेलास? हा प्रश्न ऐकून काकू आंब्याच्या झाडाकडे बघायला लागल्या. मुलाला आठवेना. एक मित्र म्हणाला, सकाळपासून गेलेलाच नाही. ताईंनी त्याचा हात हातात घेतला. बोटातली अंगठी फिरवून पाहिली, फिरेना. घड्याळाचा पट्टा काढला तर खाली खोल वळ. “हे सकाळी इतकं घट्ट होतं?” नव्हतं म्हणे.

“पाणी किती प्यायलाय?”

इथं मामा जरा खुलले. “पाण्यात काही कमी नाही हो. शिस्तीचा आहे आमचा. मोबाईलमध्ये पंधरा-पंधरा मिनिटांचा अलार्म लावलाय त्यानं.”

आणि तेवढ्यात तो अलार्म खरोखरच वाजला. मुलानं ओकता ओकता बाटलीकडे हात केला. ताईंनी बाटली आधीच उचलली होती. “त्याला पाणी देऊ नका. घोटभरही नाही.”

मग त्यांनी हिशेब मांडला. निघताना दोन लिटर, हँडपंपावर दोन, मित्राची एक बाटली, काकूंनी प्रेमानं दिलेली एक, ओढ्यापाशी पुन्हा भरलेली. साडेसहा-सात लिटरच्या घरात गेलं. पाच तासांत, सावलीत, रमतगमत चालताना. घाम आला होता, पण इतका नाही. “आत गेलेलं बाहेर आलंय कुठं?” ताई म्हणाल्या. “सगळं आतच आहे. रक्तातलं मीठ पातळ झालंय.”

मी पुडी दाखवली. त्या म्हणाल्या, “ही लिटरभर पाण्यात कालवणार ना? म्हणजे पुन्हा पाणीच.” नंतर मी आकडे पाहिले. ओआरएसमध्ये लिटरला 75 मिलिमोल सोडियम असतं, निरोगी रक्तात 135 ते 145. जुलाबाच्या पेशंटला ते तारतं. या मुलाच्या रक्तात मात्र त्यानं पाण्याचीच भर पडली असती.

“मीठ आहे कुणाकडे?” मीठ नव्हतं. पण इंदूरचा माणूस कणीस भाजायच्या आशेनं निघतो तेव्हा खिशात जीरावण, म्हणजे वरून भुरभुरायचा आमचा खारट मसाला, असतंच. एका पोरानं पुडी काढली, काकूंनी लिंबं काढली. अर्ध्या कपभर पाण्यात चांगलं दोन चमचे जीरावण, वर लिंबू. दिसायला भयंकर. मुलगा पूर्ण शुद्धीत आहे, गिळू शकतोय याची खात्री करून ताईंनी ते त्याला थोडं थोडं चाटवलं. निम्मं पोटात राहिलं असेल. “यानं बरा होणार नाही,” त्यांनी मामांना स्पष्ट सांगितलं. “दवाखान्यात न्यायचाय. आत्ता.”

नेटवर्क नव्हतं. ताईंसोबतचा पोरगा गाडी बघायला खाली पळाला, आणि पळणं काय असतं ते मंडळाच्या पोरांना तेव्हा दिसलं. माझ्या सहायकानं बाकीची मंडळी घेतली. मी आणि ताई मुलाला दोन बाजूंनी धरून उतरायला लागलो, मामा मागून दोन सॅक घेऊन. पंधरावीस मिनिटांचा उतार असेल. मी वर्षानुवर्षं साठवलेले प्रश्न घेऊन त्यांच्यापासून दोन फुटांवर होतो, आणि मधे हा लडखडणारा मुलगा. तरी राहवलं नाही. “ताई, कॉम्रेड्सला पॉली शॉर्ट्सच्या चढावर तुम्ही पळता की…”

“चालते. तिथं बहुतेक सगळे चालतात. तू याच्या पायाकडे बघ.”

मी पायाकडे बघितलं.

वाटेत त्यांनी त्या मुलाला सारखं बोलतं ठेवलं. कॉलेज कुठलं, मंडळाची मूर्ती किती फुटांची, ढोलपथकात आहेस का. वरवर गप्पा, पण मला कळत होतं की त्या उत्तरं तपासतायत. एकदा तो मूर्तीऐवजी भलतंच बोलायला लागला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहून पाऊल जरा वाढवलं.

खाली कच्च्या रस्त्यावर बोलेरो आली. बसताना ताईंनी मला बाजूला घेतलं. “डॉक्टरांना सांगायचं, सलाइन लावायच्या आधी सोडियम बघा. आणि डिहायड्रेशन हा शब्द तोंडातून काढू नकोस. तो ऐकला की नेहमीची बाटली लटकते. पाच तासांत सात लिटर पाणी, लघवी नाही, बोटं सुजलीत, भलतं बोलतोय, एवढंच सांग.” माझा नंबर घेतला आणि गाडीचं दार बाहेरून लावलं.

चोरलवरून खंडवा रोडनं इंदूर. घाटात गाड्यांची रांग, मामांचा मोठ्या आवाजात मारुतीचा जप, मुलगा माझ्या खांद्यावर. हॉस्पिटलमधली ड्यूटीवरची डॉक्टर तरुण होती. मी पाठ केलेलं वाक्य म्हणून दाखवलं. ती क्षणभर थांबली, मग नर्सला म्हणाली, “आधी सोडियम पाठव, अर्जंट.” 122 आलं. मग तीन टक्क्यांचं, म्हणजे नेहमीच्या सलाइनपेक्षा तिपटीहून खारट, असं 100 मिली हळूहळू दिलं. तासाभरात मुलगा स्वच्छ बोलायला लागला, आणि त्यानंतर त्याला जी लघवी सुरू झाली तिचा मामांना झालेला आनंद मी कुठल्या मंडळाच्या मिरवणुकीतही पाहिलेला नाही.

डॉक्टरनं नीट समजावलं. मूत्रपिंड एरवी तासाला पाऊण-एक लिटर पाणी सहज बाहेर टाकतं. पण तासन् तास श्रम चालले, मळमळ झाली, की मेंदूतून पाणी धरून ठेवण्याचा हुकूम देणारं संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंड दार लावून घेतं. वरून पिणं चालूच राहिलं तर पाणी पेशींत शिरतं. हातापायाची पेशी सुजली तर अंगठी घट्ट होते. मेंदू मात्र कवटीत बंद, त्याला फुगायला जागा नसते. डोकेदुखी, उलटी, भ्रम, मग झटके. माणूस दगावतोसुद्धा.

रात्री ताईंचा फोन आला. पहिला प्रश्न, “सोडियम किती होतं?” दुसरा, “लघवी?” मग मात्र त्या निवांत बोलल्या. त्या इंदूरला मावशीकडे आल्या होत्या आणि सराव चुकू नये म्हणून पहाटेपासून तो एकच घाट चढत-उतरत होत्या. मी विचारलं, आम्ही गेल्यावर काय केलंत? “दोन चढ राहिले होते.”

हा आजार लोकांना कळला तोही त्यांच्याच कॉम्रेड्समधून. तिथल्याच डॉ. टिम नोक्स यांनी 1985 मध्ये लांब पल्ल्याच्या चार खेळाडूंच्या केसेस प्रसिद्ध केल्या, सगळ्या जादा पाण्याच्या. तोपर्यंत कोसळलेला धावपटू म्हणजे सुकलेला धावपटू असंच धरलं जायचं. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा 13 टक्क्यांचं सोडियम कमी निघालं, आणि शर्यतीत वजन वाढलेल्यांना धोका जास्त होता. पळून वजन वाढलं, म्हणजे किती प्यायले असतील बघा. पुढे येणाऱ्यांना हे कमी होतं, हळू जाणाऱ्यांना जास्त, कारण त्यांच्याकडे प्यायला वेळ असतो. आमची मंडळी तर चालणारी. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमध्ये पायी उतरणाऱ्यांना हे होतं हे तिथं चांगलं ठाऊक आहे.

“तुमचं काय गणित?” मी विचारलं. मला वाटलं, एखादा तक्ता मिळेल. “तहान लागली की प्यायचं. नाही लागली तर नाही. दर तासाला अंगठी फिरवून बघायची, लघवी कधी झाली ते लक्षात ठेवायचं, खारं काहीतरी चघळायचं. पळणं सगळ्यांना दिसतं रे, पण रात्री दोन वाजता डोकं चालेनासं होतं तेव्हा हे एवढं आठवणं हाच खरा सराव.” इतकी वर्षं मी त्या फोटोत त्यांचे पाय बघत होतो. फोन ठेवल्यावर पुन्हा काढून बघितला, तर उजव्या हाताचा अंगठा अनामिकेवर.

मामांचा दोन दिवसांनी फोन आला. मुलगा घरी, ठणठणीत, अलार्म काढून टाकलाय. मग जरा घुटमळून म्हणाले, “बाकी सगळं झालं, पण आमचा दोघांचा कलाकंद राहिला बघा.”

आता निघण्याआधीच्या सूचनांमध्ये मी पाणी हा विषय सविस्तर घेतो. कमी प्या असं सांगत नाही. मे महिन्यात ते सांगणं जीवावर बेतेल. तहानेला विचारा, एवढंच. दर वेळी एखाद्या काकू हरकत घेतात की त्यांच्या मोबाईलवर रोज सकाळी याच्या उलटं येतं. वाटेत मी तासातासाला प्रत्येकाला लघवी झाली का विचारतो. सहायक म्हणतो, “भिया, यानं बुकिंग घटेल.” अजून तरी घटलेलं नाही.