घेतली गं केव्हाच

सांगलीला आईकडे जी बोलणारी डबी, म्हणजे स्मार्ट स्पीकर, आहे, तिचं नाव इथे लिहीत नाही. माझं छापून आलेलं आई मोठ्यानं वाचते. नाव आलं की डबी जागी व्हायची आणि पुढचं वाचू द्यायची नाही.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा ती आणली. विश्रामबागेत आई एकटी, मी पुण्याला. इकडे ये म्हटलं की "तुमच्याकडं खिडकी उघडली की समोरच्यांचा संडास" हे उत्तर ठरलेलं.

डबीला मराठी येत नाही, हिंदी येतं. आईचं हिंदी अस्सल सांगलीचं. "बाई, वो हॉल का दिवा मालवो." दिवा ढिम्म. "बत्ती बंद करो" तोंडात बसायला आठवडा गेला. ते बसतं न बसतं तोच कामाच्या मावशींनी भिंतीवरचं बटण बंद केलं, आणि वीजच न मिळालेला तो शहाणा बल्ब कुणाचंच ऐकेना. फोनवरच्या गूगल असिस्टंटला २०१८पासून मराठी येतं, हे मी सांगून पाहिलं. पण फोन शोधायला चष्मा लागतो, आणि चष्मा कुठं आहे ते फोन करून मला विचारावं लागतं.

खरी गट्टी जमली स्वयंपाकघरात. हात कणकेत बरबटलेले, कुकर चढलेला. "तीन शिट्ट्या हुई के बोलो," असं आईनं फर्मावलं. शिट्ट्या मोजणं डबीच्या ताकदीबाहेरचं. मग पंधरा मिनिटांचा टायमर लावायला आई शिकली. शिट्ट्या मात्र स्वतःही मोजते. "तिचा काय भरवसा?"

शेजारच्या काकूंना वेगळीच शंका. ही सगळं ऐकते का? मी समजावलं, की ती नावाची हाक ऐकायला कान टवकारून बसलेली असते, आणि हाक आली की पुढचं बोलणं इंटरनेटवरून कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरकडे जातं. काकूंना यातलं 'जातं' एवढंच ऐकू आलं. आता त्या आल्या की आई आधी माइकचं बटण दाबते. तांबडा दिवा लागला, की मग सुनांचे विषय.

पावसाळ्यात मात्र डबीची पत घसरते. सांगलीत तेव्हा एकच प्रश्न असतो: कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट? चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि २०१९च्या ऑगस्टमधले सत्तावन्न तर कुणी विसरत नाही. आईनं डबीला विचारलं, तर तिनं कुठल्याशा लॉर्ड आयर्विनची माहिती सुरू केली. आईनं तिला गप्प केलं आणि गावभागातल्या मावशीला फोन लावला. शिवाय पूर आला की पहिली जाते वीज. विजेबरोबर हीही जाते. म्हणून कपाटात ट्रान्झिस्टर अजून आहे, सेल घातलेला.

डबी मुळात आणली होती रात्री नऊच्या बीपीच्या गोळीसाठी. त्याआधी ते काम माझं होतं. रोज नऊला फोन, "आई, गोळी?" गेल्या महिन्यात गेलो होतो. पावणेनऊला आई मालिका अर्धी टाकून उठली, गोळी घेतली, पाणी प्यायली आणि डबीसमोरच्या खुर्चीत येऊन बसली. एक डोळा घड्याळावर. नऊला डबी उजळली, दवाई का समय वगैरे म्हणाली.

"घेतली गं केव्हाच!" आई म्हणाली. मराठीत. डबीला काही कळलं नाही, तिनं पुन्हा तेच सांगितलं. आईनंही पुन्हा तेच सांगितलं, जरा चढ्या आवाजात.

मला तो सूर ओळखीचा वाटला.

"आई, मी फोन करायचो तेव्हापण तू पावणेनऊलाच घ्यायचीस?"

"मग? तू सांगायची वाट बघत बसू?" म्हणाली, आणि मालिकेचा आवाज वाढवला.