तुम्ही विचारलंत म्हणून: गावच्या जुन्या घराची कामं आम्ही थंडीतच का काढतो

मुंबई-पुण्यातले नातेवाईक भेटले की हा प्रश्न ठरलेला. मे महिन्यात सगळे गावाला असतो, मुलांना सुट्टी असते, हाताशी माणसं असतात, मग घराच्या रिपेअरिंगची कामं तेव्हाच का नाही काढत, डिसेंबर-जानेवारीत कोणी नसताना का काढता? प्रत्येकाला फोनवर थोडं थोडं सांगून झालंय, आता एकदा नीट लिहूनच काढते.

आमचं घर राजापूर तालुक्यातलं. चिऱ्याच्या भिंती, तेही मातीत बांधलेले चिरे, वर मंगलोरी कौलं, पडवी, ओटी, माजघर, मागे न्हाणीघर. कोकणात अशी हजारो घरं आहेत, त्यामुळे आमच्या घराला लागू पडतं ते तुमच्याही घराला बऱ्यापैकी पडेल. कोकणात थंडी ती काय असं लोक म्हणतात, पण घराच्या दृष्टीने दिवाळी ते शिमगा हाच खरा काळ. पाऊस गेलेला असतो, भातकापणी-झोडणी उरकून माणसं मोकळी झालेली असतात, आंबा-काजूचा हंगाम अजून अंगावर आलेला नसतो आणि मुख्य म्हणजे विहिरीला पाणी असतं. कातळावरच्या वाड्यांत एप्रिल-मेमध्ये प्यायच्या पाण्याची मारामार असते हो, तिथे गिलाव्यावर मारायला पाणी कुठून आणणार?

पण सगळ्यात मोठं कारण हे की पाऊस संपल्या संपल्या घर स्वतःच दाखवतं कुठे काय दुखतंय ते. मे महिन्यात भिंत कोरडी ठणठणीत असते, तुम्ही तिच्यावरून हात फिरवता आणि म्हणता, छान आहे की. तीच भिंत नोव्हेंबरात बघा. ओल कुठपर्यंत चढलीय त्याची रेघ दिसते, पोपडे कुठे सुटलेत ते दिसतं, पांढरा लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेला खार, कुठे फुटलाय ते दिसतं, वाशावर पाण्याचा काळा ओघळ दिसतो आणि त्या ओघळावरून वर नजर नेली की कुठलं कौल दगा देतंय ते पण कळतं. म्हणून जे गणपतीला घरी येतात त्यांना मी सांगते, आरत्या झाल्या की मोबाइल घेऊन घरभर फिरा, जिथे जिथे गळतंय तिथले फोटो काढा, खाली जमिनीवर खडूने खूण करा. मेस्त्रीला बोलावल्यावर त्या फोटोंचा जेवढा उपयोग होतो तेवढा कशाचाच होत नाही.

आता छप्पर. परंपरेने शाकारणी उन्हाळ्याच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर व्हायची हे खरंय. कौलं परतायची, फुटलेली बदलायची, केरकचरा काढायचा. एवढंच असेल तर एप्रिलमध्ये अजूनही चालतं. पण वासे-रीपा बदलायच्या असतील, म्हणजे छप्पर उघडं टाकायचं असेल, तर मे महिन्यावर आता भरवसा ठेवायचे दिवस राहिले नाहीत. तौक्ते वादळ आलं ते २०२१ च्या मे महिन्याच्या मध्यावर. त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धनकडच्या घरांची छपरं उडाली. २०२५ मध्ये तर मान्सूनच २५ मेला तळकोकणात हजर, त्याच्या आधी काही दिवस धो धो पाऊस होताच. ज्यांची कौलं उतरवून अंगणात रचून ठेवलेली होती त्यांचे काय हाल झाले असतील विचार करा. मातीत बांधलेल्या भिंतीच्या डोक्यावर पाणी पडलं की आतली माती धुपून चिरे सुटे होतात, म्हणजे छपराचं काम काढलं आणि भिंतीचं होऊन बसलं.

शिवाय डिसेंबरपर्यंत कौलांवरचं शेवाळ वाळून कडक झालेलं असतं, ब्रशने खरवडलं की निघतं, पाय घसरायची भीती कमी. ऊन पण सोसवेल असं असतं. मे महिन्यात दुपारी बारा वाजता कौलांवर माणूस चढवायचा म्हणजे त्याच्या जिवाशी खेळच, मला ते पटत नाही.

कौलांबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायचीय. मंगलोरी कौलांचा कारखाना पहिल्यांदा बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगलोरला काढला, नंतर कितीतरी कारखाने निघाले, आणि प्रत्येकाच्या कौलाचा साचा जरा जरा वेगळा. खालच्या बाजूला कारखान्याचं नाव उठवलेलं असतं ते वाचा. एका कारखान्याच्या कौलाची खाच दुसऱ्याच्या कौलात नीट बसेलच असं नाही, वरून बसल्यासारखी दिसते पण केसाएवढी फट राहते आणि आषाढातला वाऱ्याबरोबरचा आडवा पाऊस नेमका तिथूनच आत शिरतो. म्हणून जुनी चांगली कौलं फेकू नका, भंगारात देऊ नका, गोठ्याच्या कडेला उभी रचून ठेवा. वानरं दरवर्षी काही ना काही फोडणारच आहेत, तेव्हा तीच कामाला येतात. नवीन घेतलेली कौलं सगळी एकत्र एका बाजूच्या उतारावर लावा आणि तिथून उतरवलेली जुनी दुसऱ्या बाजूला वापरा, मिसळामिसळ नको. बरेच जण वानरांना कंटाळून सगळं छप्परच पत्र्याचं करतात. त्यांचा त्रास मला कळतो, एकटे म्हातारे आईवडील घरी असतील तर दरवर्षी कौलं परतणार कोण हा प्रश्न खराच आहे. पण शक्य असेल तोवर कौलं राखावीत असं मला मनापासून वाटतं, उन्हाळ्यात पत्र्याखाली झोपून बघा म्हणजे कळेल.

छप्पर उघडलंच आहे तर लाकूड बघून घ्यायचं. आमचे सुतार एक करतात, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वाशावर ठोकत ठोकत जातात. चांगलं लाकूड खणखणीत वाजतं आणि पोखरलेलं असलं की आवाज एकदम बसका येतो. मग वासा किंवा तुळई जिथे भिंतीत शिरते तिथे टोक खुपसून बघायचं, कारण मधलं लाकूड ठणठणीत असतं आणि भिंतीत गेलेलं टोक कुजलेलं असतं, हे नेहमीचं. ओल तिथे टिकते, हवा लागत नाही, आणि वाळवी पण तिथूनच वर येते. अशा वेळी पूर्ण तुळई काढायची घाई करू नका. ऐन, किंजळ, फणस असलं जुनं पक्कं लाकूड आज त्या लांबीचं मिळणं मुश्किल आहे. कुजलेला भाग कापून त्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाचा सांधा देता येतो, खाली तात्पुरता टेकू लावून. ते काम येणारा सुतार शोधायला वेळ लागतो पण शोधा. नवीन टोकाला भिंतीत जायच्या आधी काजूच्या टरफलांचं तेल पाजायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, हाताला लागलं तर भाजतं, त्यामुळे हातमोजे घालूनच लावायला सांगा.

वाळवीचं औषध मारणाऱ्यांच्या जाहिराती भरपूर दिसतात. औषध मारून घ्या, माझी ना नाही, पण ओल तशीच ठेवून औषध मारलं तर पैसे गेले समजा. आपल्याकडची ही वाळवी जमिनीतून मातीच्या नळ्या करत वर येते आणि तिला ओलावा लागतोच. विहीर अंगणातच असेल तर औषध जोत्याला किती लांब मारायचं, किती खोल मारायचं हे आधी नीट विचारून घ्या, विहिरीचं पाणी आपणच पितो.

भिंतींवर मात्र मी जास्त बोलणार कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होताना बघतेय. ओल दिसली की गवंडी म्हणतो सिमेंटचा गिलावा मारून टाकू, वॉटरप्रूफिंग घालू, आणि आपण हो म्हणतो. चिरा म्हणजे जांभा, भोकाभोकांचा दगड, पाणी पितो आणि सोडतो. जमिनीतली ओल जोत्यातून भिंतीत चढायची आणि चुन्याच्या किंवा मातीच्या गिलाव्यातून वाफ होऊन निघून जायची, घर असंच वर्षानुवर्षं उभं राहिलं. दोन्ही बाजूंनी सिमेंट मारलं की ओल येते तेवढीच, पण बाहेर पडायची वाट बंद. मग ती आणखी वर चढते, दोन-चार पावसाळ्यांत गिलाव्याच्याही वर, जिथे आधी कधी ओल नव्हती तिथे पोपडे सुटायला लागतात. मग लोक म्हणतात जुनं घर आहे, पाडूनच टाकूया. घराचा काहीच दोष नसतो त्यात.

म्हणून आधी घराच्या बाहेर बघायचं. पागोळ्या जिथे पडतात तिथली माती खचून पाणी जोत्याकडे वळलंय का? पूर्वीची चर बुजलीय का? मध्यंतरी हौसेने अंगणात पेव्हर ब्लॉक घालताना अंगणाची पातळीच जोत्यापर्यंत उचलली गेलीय का? हे शेवटचं फार घरांत दिसतं. चर मोकळी करणं, उतार घराकडून बाहेरच्या बाजूला काढणं, पागोळीच्या रेघेत दगड बसवणं, ही दोन गडी घेऊन होणारी कामं आहेत आणि अर्ध्याहून जास्त ओल त्यातच जाते. मग सुटलेला गिलावा काढून भिंत काही आठवडे तशीच उघडी ठेवायची, वाळू द्यायची. आता हे मे महिन्यात कसं जमणार? सुट्टी संपते, पाऊस येतो. डिसेंबरात उघडी केलेली भिंत जानेवारी अखेरपर्यंत मस्त वाळते.

आणि मग चुना. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू परत दगडासारखा होतो, पण त्या काळात त्याला थोडा ओलावा लागतो. कडक उन्हात तो घट्ट व्हायच्या आधीच सुकतो, मग भेगा पडतात आणि हात फिरवला की पांढरी भुकटी हाताला येते. थंडीतलं मऊ ऊन आणि सकाळचं दव त्याला मानवतं. कळीचा चुना आणून पाण्यात मुरवायला ठेवणं हे काम मी दिवाळीच्या आसपासच सुरू करायला सांगते, जेवढा मुरेल तेवढा चांगला. चुन्याचं काम येणारे गवंडी कमी झालेत हे मान्य, पण आहेत, जुन्या देवळांची कामं करणाऱ्यांकडे चौकशी करा. नाहीच मिळाले तर निदान मातीचा गिलावा आणि वर चुन्याची सफेदी करा, आणि प्लास्टिक पेंट मारू नका, त्यानेही भिंतीचं तोंड बंद होतं.

दारं-खिडक्यांचं थोडक्यात. पावसात दार फुगून अडकलं म्हणून तेव्हाच रंधा मारू नका, वाळलं की बोटभर फट पडते. थंडीत लाकूड मधल्या अवस्थेत असतं, तेव्हा तासायचं.

वायरिंग कधीही करा पण करा. लाकडी पट्टीवरची जुनी वायर, वरचं कापड विरलेलं, चिनीमातीचे फ्यूज आणि अर्थिंगचा पत्ता नाही, अशा घरात गीझर आणि इंडक्शन शेगडी लावलेली बघितली की मला धडकी भरते. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज आपोआप तोडणारा स्विच, बसवून घ्या आणि अर्थिंग कोरड्या दिवसांत मोजायला सांगा, कारण पावसात ओल्या जमिनीत ते चांगलंच येतं आणि कातळात उन्हाळ्यात ते पार बिघडलेलं असू शकतं.

राहता राहिला प्रश्न ज्यांना खरंच मे महिन्याशिवाय रजा मिळत नाही त्यांचा. त्यांनी मेमध्ये येऊन आतली सफाई, माळ्यावरचं सामान काढणं, सफेदी, वायरिंग ही कामं खुशाल करावीत. छप्पर आणि भिंती गावातल्या कुणावर तरी विश्वास टाकून थंडीत करून घ्याव्यात आणि मध्ये एखादा शनिवार-रविवार येऊन बघून जावं, कोकण रेल्वे आहेच. आणि एक काम मात्र मेमध्येच होतं, विहीर उपसायचं. पाणी तळाला गेलेलं असतं, गाळ दिसतो, कठड्याचे आणि आतले सुटलेले चिरे दिसतात. तुम्ही सगळे आलात की या वर्षी तेच काढूया, आठवडाभर आधी कळवा म्हणजे पंप आणि माणसं सांगून ठेवते.