पोस्टकार्डाएवढे पक्षी

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहा, असा निरोप आला, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. मी चित्रकार झालो तो चित्रकलेच्या बाईंमुळे, आणि बाई म्हटलं की मला त्यांचे तैलरंगातले पक्षी आठवतात. पांढरा थर दिलेल्या, पोस्टकार्डाहून जेमतेम मोठ्या फळ्या आणि प्रत्येकीवर एकच पक्षी. खंड्या, साळुंकी, बुलबुल, बगळा, कावळा.

आम्हाला वर्गात जलरंग असत. तैलरंग बाईंचे स्वतःचे. मधल्या सुट्टीत त्या चित्रकलेच्या खोलीत काम करत आणि मागे कोणी उभं राहिलं तरी हरकत घेत नसत. मी बहुतेक तिथेच असायचो. पुढे कला महाविद्यालयात रंगशास्त्र रीतसर शिकलो. पण ब्रश कधी टेकवायचा आणि कधी उचलायचा, हे मी बाईंच्या पाठीमागे उभा राहून शिकलो.

पक्षीच का, असं मी एकदा विचारलं होतं. पक्ष्यात सगळं असतं, असं त्या म्हणाल्या. आज मला ते पुरतं पटतं. चोचीची धारदार कड, छातीची मऊ कड, पंखावरची चकाकी, पोटाखालची सावली, उबदार रंगाला लागून थंड रंग, हे सगळं मुठीएवढ्या जागेत भेटतं. निसर्गदृश्याला दिवस लागतात. एवढासा पक्षी रंग ओला असतानाच एका बैठकीत पुरा होतो. नाहीच जमला तर पॅलेट नाइफने, म्हणजे रंग कालवायच्या पात्याने, खरवडायचा, चिंधीने पुसायचा, की फळी पुन्हा तयार. त्यामुळे हाताला भीती राहत नाही.

पक्षी काढायचा म्हटलं की मुलांचा हात आधी पिसांकडे जातो. बाई मुद्दामच राठ केसांचा, अर्धा इंच रुंद चपटा ब्रश घेत. त्याने पिसं काढताच येत नाहीत. मग डोळे किलकिले करून बघावं लागतं, आणि तसं बघितलं की पक्ष्याचे तीन-चार मोठे ठिगळच उरतात : एक गडद, एक मध्यम, एक उजळ. ते जागच्या जागी बसले की पक्षी तयार झाला. पिसं अगदी शेवटी, तीही पंखाच्या कडेला जिथे उजेड वळतो तिथे दोन-तीनच.

खंड्या मी त्यांच्या हाताखाली बनताना नीट पाहिला आहे. आधी बर्न्ट सिएन्ना हा तांबूस तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून आकार. मग डोक्याचा आणि पोटाचा तांबूस तपकिरी, गळ्याचा पांढरा, आणि पाठीचा निळा सर्वांत शेवटी. सावलीतल्या निळ्यासाठी अल्ट्रामरीन या गडद निळ्यात किंचित बर्न्ट सिएन्ना, उजेडातल्या निळ्यासाठी थॅलो ब्लू हा तेजस्वी निळा आणि पांढरा. ब्रश भरून घ्यायचा, पीस ज्या दिशेने बसलेलं असतं त्या दिशेने एकदा ओढायचा आणि उचलायचा. त्याच जागी पुन्हा पुन्हा गेलं की खालचा ओला रंग वर येतो आणि सगळ्याचा चिखल होतो. तैलरंगातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, पाण्यासारखं उडून जात नाही, म्हणून हा रंग पुष्कळ वेळ ओला राहतो. छातीची कड पार्श्वभूमीत विरघळवायची असेल तेव्हा हाच ओलेपणा उपयोगी पडतो.

आणि तो निळा! खंड्याच्या पिसात निळं रंगद्रव्य नसतंच. पिसाच्या सूक्ष्म रचनेमुळे प्रकाशातला निळा आपल्यापर्यंत परत येतो. पीस कुटून पूड केली तर निळा नाहीसा होतो. तेव्हा तो ट्यूबमध्ये जसाच्या तसा मिळणार कुठून? बाई पार्श्वभूमी मळकट तांबूस ठेवत, आणि तेवढ्याने पाठ झळाळून उठे. यामागचं कारण मला फार नंतर कळलं. शेव्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसमधल्या गोब्लाँ या विणकामशाळेत रंगविभागाचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. दोष रंगाईत नव्हता, शेजारच्या रंगांमुळे काळा तसा भासत होता. शेजारी रंग एकमेकांना कसे बदलतात, याचे नियम त्याने १८३९ मध्ये प्रसिद्ध केले.

बाईंच्या कपाटाच्या दाराला आतून एक छापील चित्र चिकटवलेलं होतं : डच चित्रकार कारेल फाब्रिटियसचा साखळीने बांधलेला गोल्डफिंच हा छोटा गाणारा पक्षी, साल १६५४. त्याच वर्षी डेल्फ्टमधल्या दारूगोळ्याच्या स्फोटात तो चित्रकार गेला. मूळ चित्र हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयात आहे, उंची फक्त ३३.५ सेंटिमीटर. मोठेपणी तिथे जाऊन पाहिलं. पंखावरची पिवळी पट्टी जाड रंगाची आहे, ब्रशचे फटकारे लपवलेले नाहीत, आणि चार पावलं मागे सरलं की समोर जिवंत पक्षी. बाईंनी ते चित्र कपाटात का लावलं होतं, ते त्या क्षणी मला उमगलं.

आज शाळेत असलेल्या आणि तैलरंग हाती घेऊ पाहणाऱ्या मुलामुलींना मी सांगेन, खंड्याचा मोह पडला तरी आधी कावळा करा. काळी ट्यूब उघडूच नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएन्ना मिसळा, जवळजवळ काळाच रंग मिळतो. आभाळाचा उजेड पडतो त्या पाठीवर निळा जास्त, पोटाकडे तपकिरी जास्त. गावकावळ्याची मान करडी असते. ती आधी लावा आणि तिच्या मानाने बाकीचं अंग किती गडद हवं ते ठरवा.